हात जोडलेला हमाल

साहेब, तुम्ही खुनी आहात. हे मी कानात कुजबुजत नाही, छापून सांगते. आमच्या घरातले दोन खून तुमच्या नावावर आहेत. पहिला अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे, कारण त्याचा तुम्ही पुतळा केलात. दुसरा मोंढ्याच्या चौकात, भर उन्हात, हजारो माणसांदेखत झाला आणि तो कुणालाच दिसला नाही. मला दिसला. म्हणून मी सांगणार आणि तुम्ही ऐकणार.

उमाकांत मास्तर आमच्या दारात आले तेव्हा माय ज्वारी पाखडत होती. मोंढ्यात पोती फुटतात, धान्य सांडतं. ते झाडून आणायचं, खडे-माती काढायची आणि त्याची भाकरी थापायची, हे आमच्या हमालवस्तीतल्या बायांचं काम. मास्तर म्हणजे तुमचा उजवा हात. तुमची भाषणं तेच लिहायचे. त्याआधी ते शाळेवर होते आणि माझ्या भावाला, भिवादादाला, त्यांनी चौथीपर्यंत शिकवलं होतं. त्या ओळखीवर ते न विचारता आत आले आणि रिकाम्या पोत्याच्या घडीवर बसले.

मायला म्हणाले, "वहिनी, सटवाजीरावांचा एखादा फोटो असेल ना घरात?"

माझ्या बापाला राव लावणारा हा पहिला माणूस. बाप जिता होता तेव्हा आडत्यांच्या ओट्यावर त्याचं नाव 'ए सटव्या' असं होतं. माय सूप खाली ठेवून मास्तरांकडं नुसती बघत राहिली. भिवादादा दारात उभा राहून खांद्याला तेल चोळत होता. तोही हमालच. बापाच्या जागी लागला होता.

तो म्हणाला, "फोटो तुमच्याकडंच हाय की मास्तर."

"आमच्याकडे?"

"पोलिसांनी काढला होता. तहसीलीच्या पायरीवर. उताणा, छातीत भोक पडलेला. तेवढा एकच हाय त्याचा. जन्मात दुसरा निघाला न्हाई."

मास्तरांनी पाणी मागितलं. मी दिलं.

तहसीलीवरचा तो मोर्चा तुम्हाला आठवत असेल. नसेल तर आठवण करून देते. हमालांनी फार काही मागितलं नव्हतं. पोतं हलकं करा, मोंढ्यात सावली करा, प्यायला पाणी ठेवा. बाप पुढं होता. त्याचा एक हात वर होता, मूठ वळलेली. बापाबरोबर पोती उचलणारा हुसेनचाचा त्याच्या शेजारी होता, त्यानं पाहिलं. बापानं दगड मारला नाही, शिवी दिली नाही. कमरेला आकडी होती. पोतं ओढायची लोखंडी आकडी, ती हमालाच्या कमरेला झोपेतसुद्धा असते. गोळी लागली तेव्हाही हात वरच होता. त्या संध्याकाळी रेडिओवर मंत्री म्हणून तुमचा आवाज आला. तुम्ही म्हणालात, हत्यारबंद जमाव होता. आमची आकडी तुमच्या तोंडात हत्यार झाली आणि माझा बाप समाजकंटक झाला.

मग निवडणूक आली. जिल्ह्यातल्या सगळ्या मोंढ्यांतले हमाल तुमच्यावर फिरले, हे कुणीतरी तुमच्या कानावर घातलं. आणि एका आठवड्यात समाजकंटकाचा हुतात्मा झाला. चौकात पुतळा बसवायचं ठरलं. घरोघरी लावायला कॅलेंडर छापायचं ठरलं. सगळं ठरल्यावर लक्षात आलं की ह्या माणसाला तोंडच नाही.

मास्तर तोंड मागायला आले होते.

हुसेनचाचा तेवढ्यात आला. मास्तरांची जीप बघून अर्धी वस्ती दाराशी जमली होती. मास्तरांची अडचण ऐकून चाचा हसला. म्हणाला, "फोटो कशाला पायजे? ह्यो उभाय की. सटव्याचा छापा हाय. मिशी लावा, फेटा बांधा, अल्लाची शपथ, मी पण फसेन."

चाचा गमतीत बोलला. मास्तर मात्र भिवादादाकडं असे बघायला लागले जसं गिऱ्हाईक बाजारात बैलाकडं बघतं. दादा नाही म्हणाला. सरळ नाही. ज्यांनी मारला त्यांच्या पुतळ्याला मी माझं तोंड देणार नाही, असं म्हणाला आणि तेलाची वाटी उचलून आत गेला.

त्याला राजी केलं ते मायनं. मास्तर गेल्यावर ती त्याच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, "भिवा, मला त्येचं तोंड याद येईना झालंय रे."

दादानं तेलाची वाटी खाली ठेवली.

"सपनात येतो, तर पाठ करून. पोतं घेऊन पुढं चालतोय आन् मी हाक मारतेय. वळतच न्हाई. तुझ्या तोंडात त्येचं तोंड हाय, मला दिसतंय, पर नीट हाताला लागत न्हाई. एकडाव मिशी लावून दाव मला."

आणि दादाच्या डोक्यात दुसरं एक चक्र सुरू झालं. तो मला म्हणाला, शेवंते, रेडिओवरचं हवेत जातं, दगडावरचं राहतं. पुतळ्याखाली पाटी असतेच. त्या पाटीवर जर खरं कोरून घेतलं, तर त्यांच्याच पैशानं, त्यांच्याच चौकात, त्यांचा रेडिओ खोटा पडतो. मग उद्या नातवंडांनी विचारलं तर बोट दाखवायला जागा राहते. एवढंच त्याला पाहिजे होतं, साहेब. नोकरी मागितली नाही, घर मागितलं नाही. एक ओळ मागितली.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले तेव्हा त्यानं ती ओळ सांगितली. 'सटवाजी घोंगडे, हमाल. पोलिसांच्या गोळीनं मेला.' मास्तर म्हणाले, मेला बरं दिसत नाही, 'हुतात्मा झाले' करू. दादा म्हणाला, ते करा, पण पोलिस पाहिजे आणि गोळी पाहिजे. मास्तर म्हणाले, करू की. दादा म्हणाला, "असं न्हाई. म्हणून दाखवा."

वर्गात मास्तर पोरांना असंच म्हणायचे. पाढा येतो म्हणतोस ना, मग म्हणून दाखव. वस्तीतली माणसं दाराशी उभी होती, ती खुदकन हसली. मास्तरही हसले. आणि पोत्यावर बसून त्यांनी ती ओळ म्हणून दाखवली, पोलिसांसकट, गोळीसकट. दादानं मान हलवली. "बसा खाली," म्हणाला. त्यावर तर चाचा हसून हसून खोकायला लागला.

मायची अट वेगळी होती. ती म्हणाली, "पोरगं माझं जितं हाय. त्येच्या फोटोला हार घालू नका. जित्या माणसाच्या फोटोला हार म्हंजी आवतण असतंय."

मास्तरांनी गळ्याला हात लावला. "वहिनी, गळ्याची शपथ. हार नाही."

फोटो स्टुडिओत मी आणि माय दोघी गेलो होतो. तमाशाच्या फडातला एक रंगारी मास्तरांनी बोलावला होता. त्यानं दादाच्या ओठावर डिंकानं मिशी चिकटवली, कानाजवळ पांढरं फासलं, डोळ्यांखाली कोळशाच्या दोन रेघा ओढल्या आणि वर फेटा बांधला. फोटोवाल्यानं सांगितलं, हात जोडा, शोभून दिसेल. दादा म्हणाला, माझ्या बापानं हात जोडले नव्हते. फोटोवाल्यानं मास्तरांकडं पाहिलं. मास्तर म्हणाले, राहू द्या, आपल्याला चेहराच हवाय.

दिवा लागला आणि विझला. दादानं आमच्याकडं तोंड वळवलं.

मायनं चटकन डोक्यावर पदर घेतला.

पोटच्या पोरासमोर पदर घेतलेली बाई मी त्या दिवशी पाहिली. ती नवऱ्याकडं बघत होती. बराच वेळ बघितलं. मग उठली, पदराच्या टोकानं त्याची मिशी ओढून काढली, इतक्या जोरात की ओठाची साल निघाली, आणि म्हणाली, "बास. घरी चल." फोटोची एक प्रत आम्हाला मिळाली. मायनं माझ्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन दादाच्या कानामागं तीट लावली, तशीच त्या फोटोच्याही गालावर लावली, आणि फोटो पालथा करून ट्रंकेत लुगड्याखाली ठेवला. नवरा बघायचा असला की ती तो काढायची. बघून झालं की पुन्हा पालथा.

कॅलेंडर आलं ते दिवाळीच्या तोंडावर. वर सूर्य उगवतोय आणि त्या सूर्यात तुम्ही. गोल, गुळगुळीत, रंगवलेले ओठ. तुमच्यातून किरणं निघतायत आणि ती खाली माझ्या बापाच्या तोंडावर पडतायत, म्हणजे माझ्या भावाच्या. आणि खाली कुणीतरी चित्रकारानं दोन हात काढून जोडले होते. कुणाचे हात होते ते देवाला माहीत. बोटं लांब, गोरी, नखं साफ. कधी पोतं न शिवलेले हात माझ्या भावाच्या गळ्याखाली जोडून ठेवले होते आणि ते तुम्हाला नमस्कार करत होते.

कॅलेंडर फुकट. आडतीत, दवाखान्यात, न्हाव्याच्या दुकानात, शाळेत, पोलिस चौकीतसुद्धा. हो, चौकीतसुद्धा. आणि हमालांच्या घरात तर होतंच. लोकांनी प्रेमानं लावलं. बापावर त्यांचं प्रेम होतं. आणि हुतात्मा म्हटल्यावर माणूस काय करतो? हार घालतो. घरोघरी माझ्या भावाच्या तोंडाला झेंडूचे हार चढले.

सुरुवातीला दादानं ते हसण्यावारी नेलं. न्हावी म्हणायचा, हुतात्म्यांची दाढी फुकट. चहावाला पोराला ओरडायचा, स्वर्गातनं गिऱ्हाईक आलंय, कप धुऊन दे. दादा म्हणायचा, मेलेल्याला उधारी देतोस का, मग देव साखर थोडी जास्त. असं महिनाभर चाललं. मग दादाच्या लग्नाची बोलणी आली. पाहुणे घरी आले, पोहे खाल्ले, सगळं जुळलं. पोरीची आजी पाय मोकळे करायला म्हणून शेजारच्या घरी डोकावली आणि तिथं भिंतीवर हार घातलेला भिवा तिला दिसला. म्हातारी परत आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "चला. गेलेल्याला पोरगी द्यायला आम्ही न्हाई आलो." कुणीही कितीही समजावलं तरी ती बसली नाही.

दादानं त्या दिवसापासून चहाच्या टपरीवर जाणं सोडलं.

माय वस्तीत घरोघर फिरायला लागली. हार काढा, म्हणायची, माझा पोरगा हाय त्यो, जिता हाय. लोक तिच्यासमोर काढायचे आणि ती गेली की घालायचे. एक बाई तर म्हणाली, मावशी, नवऱ्याचा मान बघवत नाही का तुला? दादा मास्तरांकडं गेला. मीही गेले. मास्तरांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. म्हणाले, अरे कॅलेंडर म्हणजे कागद, वर्ष सरलं की त्यात भजी बांधतील. पुतळा खरा. दादानं विचारलं, पाटी? मास्तर म्हणाले, तुझी ओळ जशीच्या तशी गेली आहे. आणि हात? मास्तर म्हणाले, पुतळ्याचे हात मूर्तिकार बघेल, तू पाटीचं बघ.

साहेब, तो पाटीचं बघत होता. तुमच्या माणसानं त्याला पाटीकडं बघायला लावलं आणि तुम्ही मागून त्याचं सगळं घेतलंत.

पुतळा बसला आणि लाल कापडात गुंडाळून कितीतरी दिवस तसाच उभा राहिला, कारण तुमची तारीख मिळत नव्हती. पाटीवरही कापड. दोन हवालदार पहाऱ्याला. चाचा जाता-येता कापडाला म्हणायचा, "सटव्या, दम धर. साब आल्याबिगर तुला श्वास घ्यायची परवानगी न्हाई."

तुम्ही आलात तो दिवस कडक उन्हाचा होता. गावोगावचे टेम्पो भरून माणसं आणली होती. त्यांच्या हातात कॅलेंडर, डोक्यावर तुमच्या पक्षाच्या टोप्या. आमच्या वस्तीला मागं दोरीच्या पलीकडं उभं केलं होतं. मायला मात्र मास्तरांनी नवं पांढरं लुगडं नेसवून मंचावर बसवलं, तुमच्यापासून तिसऱ्या खुर्चीवर. तुम्ही तिच्यासमोर वाकलात. फोटो निघाला. तुम्ही सरळ झालात.

भाषणात तुम्ही सांगितलंत की सटवाजीराव तुमच्याकडं यायचे. आमचा बाप तुमच्या बंगल्याच्या फाटकापाशीसुद्धा कधी उभा राहिला नव्हता. तुम्ही सांगितलंत की शेवटच्या भेटीत त्यांनी तुम्हाला हात जोडून विनवलं, साहेब, काहीही होवो, ह्या बाजारपेठेचा विकास थांबू देऊ नका. तुमचा गळा भरून आला. टेम्पोतून आलेल्या बाया रडल्या. मी दोरीपाशी उभी होते आणि माझ्या शेजारी चाचा. चाचा रडत नव्हता. तो दात खात होता.

मग तुम्ही दोरी ओढलीत आणि कापड खाली आलं.

भिवादादा हात जोडून उभा होता.

मिशी होती, फेटा होता, पण तो भिवादादाच होता; तेच रुंद कपाळ, तोच डावीकडं किंचित कललेला ओठ. कमरेला आकडी नव्हती. खांद्याला पोतं नव्हतं. अंगावर इस्त्रीचा सदरा होता आणि मान थोडी खाली, तुमच्या मंचाकडं. क्रेनवर चढून एकानं तुमच्या हातातला मोठा हार त्याच्या गळ्यात घातला. मंचावर माझी माय उठून उभी राहिली. तिला कुणीतरी खांदे धरून परत बसवलं.

दादा तोवर पाटीपाशी पोचला होता. हमालाला गर्दीतून वाट काढता येते. त्यानं पाटी वाचली. मी नंतर ती इतक्यांदा वाचली आहे की झोपेत सांगेन. 'बाजारपेठेच्या विकासासाठी देह ठेवणारे कष्टकऱ्यांचे हुतात्मा कै. सटवाजीराव घोंगडे.' त्याखाली दुप्पट मोठ्या अक्षरात तुमचं नाव, शुभहस्ते. त्याखाली सभापती, उपसभापती, संचालक मंडळ, ठेकेदारापर्यंत सगळे. पोलिस नाही. गोळी नाही. बापाला कुणी मारलंच नव्हतं. त्यानं देह ठेवला होता, जसं कुणी छत्री कोपऱ्यात ठेवतं.

दादा मंचाच्या पायरीशी गेला. मास्तर वर उभे होते, हातात चालू माईक, त्यातून खालचं बोलणंही आम्हाला ऐकू येत होतं. दादा ओरडला नाही. खालून एवढंच म्हणाला, "मास्तर, म्हणून दाखवा."

मास्तरांनी ऐकलं. त्यांच्या तोंडाचा रंग उडालेला मी इतक्या लांबून पाहिला. ते म्हणाले, "भिवा, नंतर बोलू."

"आता म्हणून दाखवा. ओळ कशी हाय?"

मास्तरांनी तोंड फिरवलं.

मग दादा चौथऱ्यावर आणि तिथून, पोत्यांच्या थप्पीवर चढतात तसा, पुतळ्याच्या खांद्यापर्यंत चढला. आधी त्यानं हार काढला. नीट काढला, ओरबाडला नाही, फेट्यावरून उचलून काढला आणि खाली सोडला. मग चौथऱ्यावर उतरून लोकांकडं वळला आणि म्हणाला, "ह्यो माझा बाप न्हाई. माझ्या बापानं हात जोडले नव्हते. त्येला गोळी घातली." आणि कमरेची आकडी काढून त्यानं वाकून पाटीवर पहिला घाव घातला. संगमरवराचा एक टवका उडाला, तुमच्या नावातला.

तेवढ्यासाठी मेला तो, साहेब. तुमच्या नावातल्या एका अक्षराच्या टवक्यासाठी.

माईकवरून मास्तरांचा आवाज आला. जन्मभर दुसऱ्याची भाषणं लिहिलेल्या माणसाचं ते एकच स्वतःचं वाक्य असेल. "हुतात्म्याच्या पुतळ्याची विटंबना होतेय. त्याच्या हातात हत्यार आहे."

टेम्पोतून आलेल्या माणसांना दादा माहीत नव्हता. त्यांना हुतात्मा माहीत होता. त्यांच्या घराघरांत तो होता. सकाळी उठून ते त्याला हात जोडायचे, त्याच्या तोंडाला हार घालायचे. त्याच्या अपमानानं ती माणसं पिसाळली. ते खोटं पिसाळणं नव्हतं, आणि त्याचंच मला आजही जास्त भय वाटतं. त्यांनी दादाला पायाला धरून खाली ओढला. मग काठ्या, मग बूट, मग झेंड्यांचे बांबू. मी दोरीखालून घुसले. एकानं मला कमरेत धरलं, त्याचा हात मी चावून फोडला, दुसऱ्यानं धरलं. चाचा घसा फोडून सांगत होता, पोरगा हाय त्याचा, सटव्याचा पोरगा हाय. एक टोपीवाला त्याला म्हणाला, "हुतात्म्याचा पोरगा असा असतो का? तू कोण रे मियाँ?" आणि चाचाच्या तोंडावर बांबू बसला.

हवालदार पुतळ्यापाशी उभे होते. त्यांना पुतळा राखायचा हुकूम होता. ते पुतळा राखत होते.

माय मंचावरून ओरडत होती. तिच्यासमोर माईक होता, पण कुणीतरी तो बंद केला. तरी तिचा आवाज मला ऐकू आला. "वर बघा रे. वर बघा. तोंड बघा. तेच हाय. तेच हाय रे."

वर कुणी बघितलं नाही. सगळे खाली वाकून मारत होते, आणि त्यांच्या डोक्यावर तोच माणूस हात जोडून उभा होता.

तुम्ही काय केलंत ते सांगू? तुमच्या खांद्यावर हारातली एक पाकळी पडली होती, ती झटकलीत. मग गाडी मागवलीत.

दवाखान्यात नेईपर्यंत तो संपला होता. पंचनामा लिहायला आलेल्या पोलिसानं चादर वर केली आणि लगेच खाली सोडली. तोंड राहिलं नव्हतं. त्यानं मायला विचारलं, बाई, ओळख कशावरून पटवता? माय म्हणाली, "चौकात चला. दावते." पोलिसाला ते कळलं नाही. त्यानं गुन्हा लिहून घेतला: हुतात्म्याच्या पुतळ्याची विटंबना. आरोपी भिवा सटवाजी घोंगडे, मयत. जप्त हत्यार, लोखंडी आकडी. मारणाऱ्यांचं नाव कुठंच नव्हतं. जमाव म्हणे अनोळखी होता. तुमच्या टेम्पोंना तुम्ही ओळखत नाही.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं.

दहावा होण्याआधी तुम्ही आमच्या दारात आलात. बरोबर वर्तमानपत्रवाले, मास्तर मागं, डोळे जमिनीवर. तुम्ही म्हणालात, विरोधकांनी पोराच्या डोक्यात भलतं भरवलं, नाहीतर अशा बापाच्या पोटी असा निपजतो का? तरी माणुसकी म्हणून मी आलो. तुमच्या हातात हार होता. तुम्ही भिंतीकडं बघितलंत. भिंत रिकामी होती; मायनं दिवाळीतच कॅलेंडर चुलीत घातलं होतं. तुम्ही विचारलंत, "फोटो नाही का घरात?"

माय उठली. तिनं ट्रंक उघडली, लुगड्याखालून फोटो काढला आणि सुलटा करून तुमच्यासमोर धरला. गालावर तीट होती. ती पुसली नव्हती.

मास्तर एकदम म्हणाले, "साहेब, नको." पण फोटोवाले तयार होते.

तुम्ही त्या फोटोला हार घातलात, डोळे मिटलेत, हात जोडलेत. आणि वर्तमानपत्रवाल्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "सटवाजीराव माझ्या मोठ्या भावासारखे होते. बरं झालं, हे बघायला ते नाहीत."

माय त्यानंतर मरेपर्यंत कुणाशी फारसं बोलली नाही. त्या दिवशी मात्र तुम्ही जाताना तिनं एक प्रश्न विचारला होता. तुम्ही जीपमध्ये चढत होतात, तुम्हाला ऐकू आलं नसेल असं मास्तर नंतर म्हणाले. तुम्हाला ऐकू आलं होतं. तुमचा पाय पायरीवर थांबला होता, मी बघत होते.

आजही दरवर्षी तुम्ही चौकात येता, क्रेन लावता, हार घालता. पाटी नवी बसवली आहे, तुमच्या नावाचा टवका भरून निघाला आहे. यंदाही याल. मी दोरीपाशी उभी असेन, आणि आता माझ्याभोवती बरीच माणसं असतील ज्यांनी वर बघितलं आहे. म्हणून मायचा प्रश्न मी इथं जसाच्या तसा ठेवते. माईक हातात घ्या आणि चौकात उत्तर द्या.

"साहेब, हार कुणाला घातला? नाव सांगा."